रिपोर्ट स्वच्छ, पेशी तीन कोटी

निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे सीएमएलमध्ये, हा आकडा लाख-दोन लाखांवरही जातो. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच होणारा हा रक्ताचा कर्करोग. निदान होते तेव्हा अंगात रोगाच्या पेशी अंदाजे एक लाख कोटी असतात. एकावर बारा शून्ये! आणि उगम एकाच पेशीत: तिच्या नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली, एवढ्यावरून.

पूर्वी असे रुग्ण बहुधा तीन ते पाच वर्षे जगत. १९९८ मध्ये अमेरिकेत ब्रायन ड्रुकर यांनी इमॅटिनिब या औषधाची चाचणी सुरू केली. रोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक औषध घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्ताचे आकडे जागेवर आले. पुढे १६ देशांतल्या ११०६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तीत सुरुवातीपासून ही गोळी मिळालेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के दहा वर्षांनीही हयात होते. रोजचे ४०० मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाचे १४६ ग्रॅम. पाव किलोसुद्धा नाही!

पण ‘रोग दिसत नाही’ म्हणजे किती उरला? गुणसूत्रांच्या त्या अदलाबदलीतून बनलेल्या बीसीआर-एबीएल जनुकाचे प्रमाण तपासणीत ०.१ टक्का आले की डॉक्टर समाधानी होतात. ढोबळ हिशेबाने तेव्हाही शंभर कोटी पेशी शिल्लक असतात. ०.००३२ टक्क्यांवर तीन कोटी. त्याखाली यंत्राची नजर बहुधा पोहोचत नाही. फ्रान्समध्ये दोन वर्षे रोग न दिसलेल्या शंभर जणांची गोळी थांबवली, तेव्हा दहातल्या सुमारे सहांचा रोग परतला, बहुतेकांचा सहा महिन्यांच्या आत. गोळी पुन्हा सुरू करताच तो बहुधा आटोक्यात आला.

मला सर्वांत हादरवणारा आकडा लंडनचा आहे. तिथे ८७ रुग्णांच्या गोळ्या मोजल्या. नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत ०.१ टक्क्याचा टप्पा गाठण्याची शक्यता ९४.५ टक्के, त्याहून कमी घेणाऱ्यांत २८.४. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की माणूस या सीमेवर येतो. आपल्याकडे गोळी चुकते ती केवळ विसरल्याने नव्हे, पैसे संपल्यानेही. मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास लागत, भारतीय कंपन्यांच्या औषधाला आठ-दहा हजार. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीला पेटंट नाकारले आणि स्वस्त गोळी दुकानात राहिली.