थर कुठे नको?

मोरचुदाच्या निळ्या पाण्यात घासून लखलखीत केलेला लोखंडी खिळा सोडा. मिनिटभरात तो तांबूस होतो. वीज नाही, तारा नाहीत. लोखंड स्वतः पाण्यात विरघळते आणि त्याच्या जागी तांबे येऊन बसते. मात्र बोटाने चोळले की रंग पुसला जातो. म्हणूनच प्लेटिंगवाले लोखंड थेट अशा द्रावणात टाकत नाहीत. आधी त्यावर निकेलचा पातळ थर देतात आणि मग तांब्याच्या बाथमध्ये सोडतात. तिथून पुढचे काम वीज करते.

बाथमध्ये तांब्याची पट्टी विजेच्या धन टोकाला जोडलेली असते आणि वस्तू ऋण टोकाला. पट्टीतला अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून द्रावणात उतरतो. तिकडे वस्तूपाशी दुसरा एखादा तांब्याचा आयन दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि पुन्हा धातू होतो. किती धातू बसेल, हे किती वीज वाहिली यावरून ठरते, हे मायकेल फॅरडेने १८३४ च्या सुमारास दाखवून दिले. एक अँपिअरचा प्रवाह तासभर चालला तर सुमारे १.१९ ग्रॅम तांबे बसते. म्हणजे दर सेकंदाला तीनावर अठरा शून्ये इतके अणू! आणि त्यांचा हिशेब ठेवायला एक अँमीटर आणि एक घड्याळ पुरते.

इथवर सगळे आज्ञाधारक वाटते. पण वीज पक्षपाती आहे. टोके, कडा, कोपरे यांवर प्रवाह एकवटतो, तिथे थर जाड होतो. खोल भोकात, खाचेत तो जेमतेम पोचतो. वर यंत्राच्या भागाला सगळीकडे थर चालत नाही. बेअरिंग घट्ट बसायची जागा किंवा स्क्रूचे आटे यांच्यावर काही मायक्रॉन जरी चढले तरी जोडणी अडते. म्हणून मास्किंग.

तत्त्व अगदी साधे: जिथे धातू नको, तिथे द्रावण पोचू द्यायचे नाही. कुठे चिकटपट्टी, कुठे लॅकरचे दोन-तीन हात, भोकांत रबरी बूच, तर कुठे वस्तू वितळलेल्या मेणात बुडवून हवा तेवढा भाग चाकूने मोकळा करायचा. तत्त्व साधे असले तरी खरी कसोटी हातांची. हार्ड क्रोमचा, म्हणजे क्रोमियमचा कठीण थर देणारा, बाथ पन्नास-साठ अंश सेल्सिअस गरम आणि तीव्र आम्लाचा. त्यात मेण मऊ पडता कामा नये, पट्टीची कड उचलली जाता कामा नये. शिवाय झाकणाची कड हीसुद्धा कडच. थर जाड असेल तर तिथे धातूचा उंचवटा उभा राहतो. त्यावर उपाय म्हणजे शेजारी एक तार लावून तिलाही ऋण टोकाला जोडायचे. जादा प्रवाह ती ओढून घेते. तिला ‘चोर’ म्हणतात, आणि चोरी करणे हेच तिचे काम.

मला सगळ्यात भारी वाटते ते याच्या पुढचे. गियरचे दाते कठीण हवेत, पण त्याच गियरच्या शाफ्टवरचे आटे मऊच राहायला हवेत, नाहीतर ते तडकतात. दात्यांना कठीण करण्यासाठी भाग नऊशे अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत ठेवून पोलादात कार्बन शिरवतात. तांब्यातून कार्बन जवळजवळ जातच नाही. म्हणून आधी दाते मेणाने झाकून आट्यांवर तांबे चढवायचे, मग मेण काढून सगळा भाग भट्टीत. कार्बन दात्यांत शिरतो, आटे सुटतात. म्हणजे मेणाने तांब्याला अडवले आणि तांब्याने कार्बनला. काम झाले की तांबेही रसायनात विरघळवून काढून टाकतात; तयार गियरवर त्याचा मागमूसही उरत नाही.