अमळनेरात एक अमळनेरकर

‘‘आडनाव?’’
‘‘अमळनेरकर.’’
‘‘ते गाव झालं साहेब. आडनाव सांगा.’’

अमळनेरच्या बसस्टँडजवळच्या एका लॉजचं काउंटर. सकाळचे साडेसहा. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने धुळे, तिथून एसटी. डोळ्यांवर झोप, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. मी आधार कार्ड पुढे सरकवलं. पोऱ्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, ‘‘हाऊ देख, अमळनेरकर शे!’’ आतून एक काका टॉवेल गुंडाळून बघायला आले. चक्क माझ्याकडे, म्हणजे प्राणिसंग्रहालयात नवा प्राणी आल्यासारखं. या काउंटरवर आजवर एकही अमळनेरकर उतरलेला नाही, असं काकांनी जाहीर केलं. मग स्वतःच विचार करून म्हणाले, ‘‘येईल तरी कसा? अमळनेरचा माणूस अमळनेरात लॉजवर कशाला उतरेल?’’

काकांनी टॉवेलवर उभ्या उभ्या जे सांगितलं, ते समजायला मला पुढचे दोन दिवस लागले.

आता मुळात मी तिथे गेलोच का? तर माझी मुलगी आठ महिन्यांची आहे आणि तिच्या जन्मदाखल्यावर अजून नाव नाही. जन्माची नोंद झाल्यापासून बारा महिन्यांत नाव फुकटात चढवता येतं, नंतर लेट फी. नाव ठरलंय. अडलंय ते आडनाव. बायको पाटील, चोपडा तालुक्यातली. लग्नानंतर तिने नाव बदललं नाही आणि मीही कधी विषय काढला नाही. (प्रतिभाताईंनी शेखावतांच्या घरात जाऊनही पाटील सोडलं नाही आणि राष्ट्रपती भवनापर्यंत नेलं, हे उदाहरण आमच्या घरात महिन्यातून एकदा दिलं जातं.) १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा राज्य सरकारचा नवा नियम आहेच. म्हणजे आई आली. पण शेवटच्या चौकोनात काय लिहायचं?

मला स्वतःला आडनावाचा तसा अभिमान नव्हता, सोय मात्र सॉलिड होती. आमच्या कंपनीच्या डिरेक्टरीत ‘पाटील’ टाइप केलं की माऊसचं चाक दुखेपर्यंत यादी चालते. ‘अमळनेरकर’ टाकलं की मी एकटा. बायकोच्या ईमेलमध्ये नावापुढे चार आकडे आहेत, माझा आयडी पहिल्या फटक्यात मिळाला. तोटा एवढाच की इंग्रजीतून आडनाव वाचणारा ‘ळ’ खातो आणि कॉफी शॉपमधला मुलगा कपावर नुसतं ‘अमल’ लिहून मोकळा होतो.

पण बाबांचं वेगळं. ते इंदूरला जन्मले, पुण्यात बँकेतून रिटायर झाले आणि गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर एक दिवस म्हणाले, ‘‘आयुष्यभर अमळनेरकर म्हणून सह्या केल्या. गाव पाहिलं नाही. तू तरी बघून ये. आपलंच आहे ना, तेही बघ.’’ हे शेवटचं वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं.

तर अमळनेर. बोरी नदीच्या काठावरचं तालुक्याचं गाव, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं स्टेशन. नाष्ट्याला पोहे खाल्ले, जेवायला तर्रीवाली शेवभाजी. आम्ही आयटीवाले ज्या धंद्यावर जगतो, त्यातली एक बडी कंपनी २९ डिसेंबर १९४५ रोजी याच गावात वनस्पती तूप बनवायला सुरू झाली होती. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे आजची विप्रो. ते बघायला मी गेलो नाही. मी दुकानांच्या पाट्या वाचत फिरलो.

पाटील. पाटील. चौधरी. महाजन. पाटील. बडगुजर. सोनार. पाटील. अमळनेरकर औषधालाही नाही. (मेडिकलवालाही पाटीलच.) पाट्यांवर विश्वास नसेल तर विधानसभेचे निकाल बघा. अमळनेरने १९९५, १९९९ आणि २००४ मध्ये डॉ. बी. एस. पाटील यांना निवडून दिलं, २००९ मध्ये साहेबराव पाटील यांना, २०१४ मध्ये शिरीष चौधरी यांना, २०१९ आणि २०२४ मध्ये अनिल भाईदास पाटील यांना. पक्ष बदलले, अपक्ष आले, आडनाव फक्त एकदा हललं.

आता गंमत बघा. पाटील हे मुळात आडनाव नव्हेच, ती पोस्ट होती. गावचा सारा गोळा करणारा वतनदार तो पाटील. १९६२ च्या कायद्याने महसूल पाटलांची वंशपरंपरागत जागाच राज्याने रद्द केली. पोस्ट गेली, व्हिजिटिंग कार्ड राहिलं! शिवाय ज्यांच्या घरात प्रत्यक्ष पाटीलकी नव्हती, त्या भाऊबंदांनीही ते लावलं. त्यामुळे खानदेशात ‘मी पाटील’ म्हणणं म्हणजे ‘मी मनुष्य’ म्हणण्यासारखं आहे. ओळख पटते ती आद्याक्षरांवर. बी. एस., डी. आर., एस. टी. किंवा सरळ वडिलांचं नाव जोडून. स्थळ बघताना तर पहिला प्रश्न हाच, ‘‘कोणते पाटील? कूळ काय?’’ मला सासऱ्यांनी तो विचारला नाही. माझ्या आडनावाने ते इतके गोंधळले होते की त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘अमळनेरला कुठे राहता?’’

दुपारी स्टेशन रोडच्या एका टपरीवर एक रिटायर्ड मास्तर भेटले. लॉजवाल्या काकांचं वाक्य त्यांनी पुरं केलं. म्हणाले, गावात असेपर्यंत गावाचं नाव कोणी लावत नाही. गाव सोडलं की नव्या गावचे लोक विचारतात, हा कुठला? आणि जे उत्तर मिळतं ते चिकटतं. पुरावा म्हणून त्यांनी सखाराम महाराजांच्या गादीचं उदाहरण दिलं. वैशाखात बोरीच्या पात्रात ज्यांची मोठी यात्रा भरते, ती गादी. अमळनेरात म्हणायचं नुसतं ‘महाराज’. तीच दिंडी पंढरपुरात पोहोचली की ते होतात ‘अमळनेरकर महाराज’. वारकऱ्यांचं हे जुनंच आहे. बाबामहाराज सातारकरांचं आडनाव गोरे होतं, हे मला मास्तरांकडूनच कळलं.

हा फंडा एकदा डोक्यात बसला की सगळीकडे दिसायला लागतो. होळकर कुठले? नीरेकाठच्या होळ गावचे. पण त्या गावाचं नाव इतिहासात गाजलं ते इंदुरात. आणि धुळेकर? देशाला माहीत असलेला धुळेकर धुळ्यात जन्मलाच नाही. रघुनाथ विनायक धुळेकर झाशीचे वकील, संविधान सभेचे सदस्य, पुढे १९५२ मध्ये झाशीचे खासदार. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेच्या दुसऱ्याच दिवशी ते हिंदुस्थानीत बोलायला उभे राहिले आणि ज्यांना ही भाषा येत नाही त्यांना भारतात राहायचा अधिकार नाही, असं ठणकावून मोकळे झाले. मराठी आडनाव घेऊन हिंदीसाठी एवढी तलवार उपसणारा माणूस! खानदेशी तिखट कुठे जातंय.

आमच्या जर्मन क्लायंटला मी हे कॉलवर सांगितलं तेव्हा तो हसत सुटला. त्यांच्याकडे ‘कर’च्या जागी ‘अर’ असतो. बर्लिनर, फ्रँकफुर्टर. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर १८५१ मध्ये जन्मला हॅनोव्हरला आणि नाव काढलं अमेरिकेत. अमेरिकन सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफुर्टर जन्मले व्हिएन्नात. म्हणजे लॉजवाल्या काकांचा नियम तिकडेही लागू. (कोकण-गोव्यात तो पुरता लागू होत नाही. तिथे गावात राहूनही लोक मजेत ‘कर’ असतात. म्हणून ‘चोपडेकर’ भेटला तर तो माझ्या सासुरवाडीचा समजू नका, गोव्यात चोपडे नावाचं गाव आहे.)

मग हे चिकटणं थांबलं कधी? शाळेचे दाखले, कोर्टाची कागदपत्रं, नोकरीचे अर्ज, प्रत्येकाला शेवटचा चौकोन भरून हवा होता. एकदा भरला की पुढच्या पिढीला तो पुसता येईना. साने गुरुजींचंच बघा. १९२४ मध्ये पालगडचा हा माणूस अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून आला. शंभर वर्षं आधी आला असता तर कदाचित ‘पालगडकर’ झाला असता. पण दाखल्यावर साने होतं, साने राहिलं. ते बदलायचं तर मनात धरावं लागतं, जसं दीनानाथांनी मंगेशीवरून ‘मंगेशकर’ मुद्दाम घेतलं.

इथवर सगळं एकदम सही चाललं होतं. मी दुसरा चहा मागवला. बाबांना काय काय सांगायचं ते जुळवत होतो, तेवढ्यात मास्तरांनी बशीतला चहा फुंकत विचारलं, ‘‘पण तुम्ही कोणत्या अमळनेरचे?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘एक बीड जिल्ह्यातही आहे. पाटोदा तालुक्यात. भांड्याचं अमळनेर.’’

मोबाइल काढला. आहे! अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गावर स्टेशनसुद्धा आहे. त्या क्षणी बाबांचं ते शेवटचं वाक्य लख्ख कळलं. ‘आपलंच आहे ना, तेही बघ.’ त्यांना ही शंका कित्येक वर्षं असणार. बँकेत त्यांना बीडचा कोणीतरी भेटलाच असणार. आणि मी दोन दिवस ज्या गावाच्या पाट्या प्रेमाने वाचल्या, शेवभाजीचे फोटो घरी पाठवले, ते गाव माझं नसेलही. आमच्याकडे पुरावा काय? आजोबा सांगायचे, ‘‘आपण खानदेशातले.’’ पण आजोबांनीही ते ऐकलेलंच. सासरचे हसतील ते वेगळंच. खरं सांगायचं तर मला अनपेक्षितपणे वाईट वाटलं. रात्री लॉजवर झोप आली नाही.

मास्तरांनीच वाट दाखवली होती. ‘‘नाशकात उतरा. तुमच्यातल्या कुणी गंगेवर कार्य केलं असेल तर उपाध्यांच्या वहीत असेल.’’

परतीच्या वाटेवर नाशिक लागतंच. पंचवटीत, रामकुंडाच्या मागच्या गल्ल्यांत, तीर्थोपाध्यांची घरं आहेत. त्यांच्याकडे लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या असतात. आलेला यजमान स्वतःच्या हाताने आपलं नाव, बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं नाव लिहून जातो. गावांप्रमाणे आणि आडनावांप्रमाणे त्या लावलेल्या असतात. सर्व्हर नाही, बॅकअप नाही, पासवर्ड म्हणजे तुमचं मूळ गाव. दोन ठिकाणी ‘आमच्याकडे नाही’ झालं. तिसऱ्या घरी गुरुजींनी विचारलं, ‘‘अमळनेरकर हे नंतरचं असेल. त्याच्या आधी काय?’’

मला माहीत नव्हतं. बाबांना फोन लावला. ते जरा थांबून म्हणाले, ‘‘माझी आजी कधीकधी म्हणायची, आपण जोशी.’’

खानदेशची वही निघाली. तासाभराने पान सापडलं. जुनी नोंद मोडीत, गुरुजींनी बोट ठेवून वाचून दाखवली. जोशी, वस्ती इंदूर, मूळ गाव अमळनेर, प्रांत खानदेश. खाली मुलांची नावं. त्याच पानावर खालच्या अंगाला दुसरी शाई, दुसरा हात, बाळबोध अक्षर. वरच्या यादीतला थोरला मुलगा बापाच्या अस्थी घेऊन आला होता. त्याने सही केली होती, ‘अमळनेरकर’. बाप जोशी, मुलगा अमळनेरकर, मध्ये फक्त इंदूर. आणि गुरुजी म्हणाले, या दोघांमध्ये अमळनेरला परत गेल्याची एकही नोंद नाही.

त्याखाली मोकळी जागा होती. गुरुजींनी पेन पुढे केलं. मी आजोबांचं नाव लिहिलं, बाबांचं लिहिलं, माझं, बायकोचं आडनावासकट आणि मुलीचं फक्त नाव. आडनावापाशी थांबलो. गुरुजी म्हणाले, ‘‘राहू द्या, पुढच्या वेळी भरा. वही कुठे जात नाही.’’

बाबांना पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर बराच वेळ आलं नाही. रात्री घरी पोहोचलो तर ते जागे होते. फोटो मोठा करून करून बघितला होता. म्हणाले, ‘‘अक्षर माझ्यासारखं आहे रे.’’ आणि मग, डॉक्टर परवानगी देतील का, वैशाखात किती ऊन असेल, यात्रेला लॉज मिळेल का, हे सगळं एका दमात. मी सांगितलं, लॉजवर आता आपली ओळख आहे.

आडनावाचा निकाल बायकोने लावला. तिने पानाचा फोटो पाहिला, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘लाव अमळनेरकर. पाटील काय कमी पडणारेत का?’’

सोमवारी वॉर्ड ऑफिसला फॉर्म भरला. खिडकीतल्या बाईंनी टाइप करून स्क्रीन माझ्याकडे वळवली. मुलीचं नाव, आईचं नाव, माझं नाव, सगळं बरोबर. शेवटी ‘अमलनेरकर’.

‘‘मॅडम,’’ म्हटलं, ‘‘ळ. बाणातला नाही, बाळातला.’’