पहिले तीन महिने आणि चमचाभर तीळ

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मुलुंड, बोरिवलीत अजूनही ऐकू येतं : ‘हिला दिवस गेलेत, तिळाचा लाडू नको गं, उष्ण पडतो.’ घाटकोपरला जेवणानंतर तीळ-बडीशेपेचा मुखवास फिरतो, तिथेही गरोदर सुनेपुढून वाटी जरा घाईनेच सरकते.

या भीतीला मूळ आहे. पाळी लांबली की तीळ-गुळाचा काढा देण्याची जुनी रीत. मग तेच तीळ गर्भही पाडतील, असा सरळ हिशेब झाला. त्याला योगायोगाने बळ दिलं. लक्षात आलेल्या गरोदरपणांपैकी दहांतलं किमान एक आपोआप संपतं, तेही बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. त्यातल्या जवळपास निम्म्या वेळी गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. गुणसूत्रं कुणाला दिसत नाहीत, आदल्या आठवड्यात खाल्लेला लाडू मात्र सगळ्यांना आठवतो.

फोडणीतली मोहरी, पुरीतला ओवा, भाकरीवरचे तीळ, ताटातली कारळ्याची चटणी : एवढ्याने गर्भपात होतो, असा पुरावा नाही. मात्रा वाढली की मात्र गोष्ट बदलते. मेथ्यांचंच घ्या. प्राण्यांना त्या भरपूर खाऊ घातल्यावर पिल्लांवर वाईट परिणाम दिसले आहेत. शिवाय त्या रक्तातली साखर उतरवतात, म्हणजे मधुमेहाची औषधं चालू असतील तर जपायला हवं. (बाळंतपणाच्या तोंडावर मेथी घेतलेल्या आयांच्या बाळांना पाकासारखा गोड वास आला आणि डॉक्टरांना एका दुर्मिळ आजाराची शंका आली, असंही घडलं आहे. वास निव्वळ मेथीचा होता!) म्हणून रोज मूठभर मेथ्या, ओव्याचा अर्क, जवसाच्या कॅप्सूल हे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच.

मला खरी काळजी वाटते ती भेसळीची. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलं गेलं आणि माणसं दगावली. २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळांत इथिलीन ऑक्साइड हे जंतुनाशक सापडलं आणि युरोपने तपासणी कडक केली. तेव्हा सुटं, जुनं, खवट बी टाळा. तीळ नीट भाजले तर जंतू मरतात, भेसळ मात्र भाजून जात नाही.

आणि सासूबाई, काळजी करायचीच तर फॉलिक ॲसिडची करा. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते. अनेकींना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करायला हवी.