खताचें पाणी : मिसळणें व विरघळणें यांतील भेद

वरणगांव-भुसावळ भागांत केळीच्या बागेस ठिबकाच्या नळ्यांवाटे खत देण्याची रीत आतां सर्वपरिचित आहे. खत टाकींत टाकून ढवळलें म्हणजे काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु पाण्यांत मिसळलेला प्रत्येक पदार्थ विरघळतोच असें नाहीं. आणि जो विरघळत नाहीं, तो ड्रिपरच्या बारीक तोंडांत बसून झाडास उपाशी ठेवतो.

विरघळणारा पदार्थ तो द्राव्य, पाणी हें द्रावक व दोहोंचें एकजीव मिश्रण तें द्रावण होय. पाण्याच्या सूक्ष्म कणाची एक बाजू किंचित् ऋण व दुसरी किंचित् धन विद्युद्भाराची असते. म्हणून हे कण मिठाच्या खड्याचे घटक ओढून सुटे करतात व त्यांस वेढून घेतात. युरिया विरघळतांना पाण्यांतील उष्णता शोषतो. टाकी हातास गार लागते ती यामुळेंच.

सुमारें 100 ग्रॅम पाण्यांत 36 ग्रॅम मीठ विरघळतें. त्याहून कमी असेल तोंवर द्रावण असंपृक्त; मर्यादा भरली कीं संपृक्त, व पुढील मीठ तळाशीं राहतें. गरम करून केलेला साखरेचा दाट पाक न हलवितां निववल्यास मर्यादेहून अधिक साखर कांहीं काळ धरून ठेवतो. तें अतिसंपृक्त द्रावण. गंधकाची भुकटी मात्र पाण्यांत नुसती तरंगत फिरते. तें द्रावण नव्हे, निलंबन होय.

सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. कॅल्शियम नायट्रेट व मॅग्नेशियम सल्फेट हीं दोन्ही खतें स्वतंत्रपणें स्वच्छ विरघळतात. त्यांचीं दाट द्रावणें एकत्र केलीं कीं जिप्सम तयार होतें. तें एका लिटर पाण्यांत जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतें; उरलेलें पांढरा साका होऊन बसतें. कॅल्शियमच्या खताचा स्फुरदयुक्त खताशीं संयोग झाला तरी हाच प्रकार होतो. अशीं खतें निरनिराळ्या दिवशीं द्यावीं, व मध्यंतरीं नळ्यांतून साधें पाणी सोडावें.

कोणतेंहि नवें मिश्रण टाकींत घालण्यापूर्वीं आपल्याच विहिरीचें पाणी काचेच्या पेल्यांत घेऊन त्यांत तीं खतें टाकीच्याच प्रमाणांत मिसळावीं व तासभर थांबावें. पाणी गढूळलें किंवा तळाशीं साका दिसला, तर तें मिश्रण वर्ज्य समजावें. पेलाभर पाणी वायां गेलें तर कांहीं बिघडत नाहीं. घड भरण्याच्या दिवसांत नळ्या चोंदल्या तर तें नुकसान पुढें भरून येत नाहीं.