आशेची मॅरेथॉन

दिनांक १२ एप्रिल १९८० रोजी कॅनडाच्या पूर्व टोकावरील सेंट जॉन्स या बंदराच्या गावी एकवीस वर्षांच्या एका तरुणाने आपला कृत्रिम उजवा पाय अटलांटिक महासागरात बुडविला आणि पश्चिमेकडे धावावयास प्रारंभ केला. दररोज एक मॅरेथॉन, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटर, याप्रमाणे सारा देश ओलांडून पॅसिफिक महासागर गाठावयाचा आणि वाटेत कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवावयाचा, असा त्याचा संकल्प होता. टेरी फॉक्स हे त्याचे नाव. त्याची ही धाव ‘आशेची मॅरेथॉन’ या नावाने ओळखली जाते.

ही आशा म्हणजे तरुणपणीचा भाबडा उत्साह नव्हता. तिच्यामागे एक साधा हिशेब होता. १९७७ च्या मार्च महिन्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, टेरीच्या उजव्या गुडघ्याजवळ ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले आणि पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. नव्या औषधोपचारामुळे आपण जगण्याचा संभव शंभरात सुमारे पन्नास आहे, दोन वर्षांपूर्वी तो अवघा पंधरा होता, असे त्याला त्या वेळी समजले. पूर्वी पाय कापूनही बहुसंख्य रुग्ण दगावत असत. कारण शस्त्रक्रियेच्या आधीच रोगाचे सूक्ष्म कण रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचलेले असत. शस्त्रक्रियेला रासायनिक औषधांची जोड मिळाल्यावर त्या कणांचा नाश करणे काही अंशी साध्य झाले. हाच आजार थोडा आधी जडला असता तर आपले काय झाले असते, हे टेरीला उमगले. मधल्या काळात कोणीतरी संशोधन केले होते आणि त्यासाठी कोणीतरी पैसा दिला होता.

येथे थोडे विषयांतर करणे इष्ट आहे. गुडघ्याचे दुखणे टेरीला काही महिने आधीच जाणवत होते; परंतु एका मोटार अपघातातील किरकोळ दुखापत समजून आणि बास्केटबॉलचा हंगाम पुरा व्हावा म्हणून त्याने ते अंगावर काढले. आपल्याकडेही हे घडते. हा रोग बहुधा वाढीच्या वयातील मुलामुलींना, आणि तोही गुडघ्याच्या आसपास होतो. पडल्याचे वा मुरगळल्याचे निमित्त सापडते, मग तेलाने चोळणे, पट्टा बांधणे यांत महिने जातात. विश्रांतीनेही न थांबणारी, रात्री वाढणारी वेदना आणि वाढती सूज असेल, तर ती जागा मुळीच चोळू नये. प्रथम क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री टेरीने डिक ट्रॉम यांच्याविषयीचा लेख वाचला होता. कृत्रिम पायावर १९७६ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन त्यांनी पूर्ण केली होती. पुढे औषधोपचाराच्या दीर्घ काळात रुग्णालयात कर्करोगाने ग्रासलेली लहान मुले त्याने पाहिली आणि धावण्याचा विचार पक्का झाला. वर्षभराहून अधिक काळ त्याने सराव केला. १९७९ मध्ये तो एका सुमारे २७ किलोमीटरच्या शर्यतीत उतरला आणि सर्वांच्या शेवटी पोहोचला. त्यामुळे तो खचला नाही, उलट त्याची उमेद वाढली.

त्या काळचे कृत्रिम पाय चालण्यासाठी बनविलेले असत, धावण्यासाठी नव्हे. कृत्रिम पाय मागून पुढे येईपर्यंत टेरीला धडक्या पायावर एक जादा उडी घ्यावी लागे. कापलेल्या भागाची कातडी घासून रक्त येई. डग अल्वर्ड हा मित्र गाडी घेऊन सोबत असे. पहिल्या दिवसांत बर्फ, पाऊस आणि समोरचा वारा होता. माणसे मात्र थोडी होती. नंतर पोर्ट-ओ-बास्क हे सुमारे दहा हजार वस्तीचे गाव लागले आणि त्या गावाने दहा हजार डॉलर दिले. दर माणशी एक डॉलर! पुढे हेच प्रमाण साऱ्या देशासाठी, म्हणजे २ कोटी ४० लाख डॉलरांसाठी, उद्दिष्ट ठरले. फ्रेंच भाषिक क्वेबेक प्रांतात या इंग्रजी भाषिकांची फारशी दखल कोणी घेतली नाही. ऑन्टॅरिओ प्रांतात मात्र चित्र पालटले. टोरोंटोच्या नगरभवनासमोरील चौकात दहा हजार लोक जमले.

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ खोकला आणि छातीतील कळ असह्य होऊन टेरी थांबला. रोग फुप्फुसांत पसरला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर झाले होते आणि निधी सुमारे १७ लाख डॉलर जमला होता, म्हणजे उद्दिष्टाचा चौदावा हिस्साही नाही. उरलेली रक्कम धावणारा अंथरुणाला खिळल्यावर आली. आठवडाभरातच दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमातून सुमारे एक कोटी डॉलर जमले आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये २ कोटी ४१ लाखांचा टप्पा ओलांडला गेला. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस एक महिन्यावर असताना, टेरीचे निधन झाले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याच्या स्मरणार्थ पहिली धाव झाली. तीत सुमारे तीन लाख लोक सहभागी झाले आणि ३५ लाख डॉलर जमले. या वार्षिक धावेत पहिला-दुसरा क्रमांक नसतो, बक्षिसे नसतात, जाहिरातदारांची नावेही नसतात. चालावे, धावावे, चाकाच्या खुर्चीतून यावे. तिच्यातून आजवर ८५ कोटींहून अधिक कॅनेडियन डॉलर संशोधनासाठी उभे राहिले आहेत. मुंबईत २००४ पासून जानेवारीत होणाऱ्या मॅरेथॉनमध्येही अनेक धावपटू एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी आपल्या परिचितांकडून देणग्या गोळा करतात. देणगीदाराला धावावे लागत नाही. ओळखीचा माणूस धावतो आहे, एवढे त्याला पुरे असते.

टेरीला झालेला आजार आज वेळेवर, अन्यत्र पसरण्यापूर्वी, सापडला तर शंभरातील साठ ते सत्तर रुग्ण बरे होतात. पुष्कळदा पाय कापावाही लागत नाही. हाडाचा रोगग्रस्त भाग काढून तेथे धातूचा सांधा बसविला जातो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातही अशा शस्त्रक्रिया होतात, आणि तेथून काही मुले आपल्या दोन्ही पायांनी चालत घरी जातात.