उबवणी पेटीचा थर्मोस्टॅट बदला, पिल्ले वाचवा



खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसतात. जास्त पिल्ले हवीत म्हणून आता अनेक घरांत, बचत गटांकडे शंभर-दोनशे अंड्यांची विजेवरची उबवणी पेटी आली आहे. पण 21 दिवस वाट पाहून शंभरातली तीस-चाळीसच पिल्ले हाती आली, की कुणी कोंबड्याला दोष देतो, कुणी अंडी विकणाऱ्याला. पेटीचे तापमान मात्र क्वचितच कुणी तपासतो.

आधी दोष ओळखा

सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरून पाहा. लाल शिरांचे जाळे दिसले तर आत जीव आहे. अंडे अगदी स्वच्छ दिसले तर ते बहुधा फलितच नव्हते, तिथे यंत्राला बोल लावू नका. पण शिरा दिसलेली अंडी पुढे मरत असतील, पिल्ले विसाव्या दिवसाआधीच फुटत असतील किंवा तेविसाव्या दिवसापर्यंत रेंगाळत असतील, तर तापमानाकडे बघा.

पंखा असलेल्या पेटीत 37.5 अंश सेल्सिअस, म्हणजे 99.5 अंश फॅरनहाइट तापमान लागते. स्वस्त पेट्यांतला धातूच्या पट्टीचा थर्मोस्टॅट 36 ला दिवे लावतो आणि 39 ला बंद करतो. सरासरी बरोबर दिसते, पण अंड्याला हा झोका सोसत नाही. त्यातही गारठ्यापेक्षा उष्णता वाईट. तासभर वीज गेली तर अंडे सावरते. 40 अंशांच्या वर काही तास गेले तर आतला जीव संपतो.

यासाठी नवी पेटी घ्यायची गरज नाही. दशांश अंश दाखवणारा डिजिटल कंट्रोलर काही शे रुपयांत मिळतो. तो असा बसवा:

1) प्लग काढूनच हात घाला. जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घ्या. पेटीला अर्थिंग हवेच.

2) कंट्रोलरमधून फक्त दिव्यांची किंवा हीटरची लाईन न्या. पंखा थेट जोडा; तो सतत फिरला पाहिजे.

3) सेन्सर अंड्यांच्या उंचीवर, ट्रेच्या मधोमध लटकवा. दिव्याजवळ, पेटीच्या भिंतीला किंवा पाण्याच्या भांड्याला टेकू देऊ नका.

4) कंट्रोलर हीटिंगवर ठेवा. तापमान 37.5 आणि फरक 0.3 ठेवा. म्हणजे 37.2 ला दिवे लागतील, 37.5 ला विझतील.

5) आकड्यावर आंधळा विश्वास नको. शंभर अंश फॅरनहाइटच्या आसपासच्या कोमट पाण्यात सेन्सर आणि ताप मोजायचा डॉक्टरी थर्मामीटर एकत्र बुडवा. दोन्हींत जो फरक येईल तो कंट्रोलरच्या दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये भरा.

जुना थर्मोस्टॅट फेकू नका

कंट्रोलरमधला रिले वारंवार चालू-बंद होतो. कधीतरी त्याचे पॉइंट चिकटतात, दिवे विझतच नाहीत आणि रात्रीतून सगळी अंडी शिजतात. म्हणून जुना थर्मोस्टॅट त्याच लाईनमध्ये, कंट्रोलरच्या पुढे एकामागे एक जोडा. पेटी रिकामी असताना कंट्रोलर 40 वर ठेवा आणि पेटी 39 ला पोचताच दिवे विझतील असा जुन्या थर्मोस्टॅटचा स्क्रू फिरवा. मग कंट्रोलर परत 37.5 वर आणा. नवा चुकला तर जुना राखण करील.

त्यानंतर पेटी एक दिवस रात्र रिकामी चालवा. पहाटे, भर दुपारी आणि रात्री तापमान लिहून ठेवा. ते स्थिर राहिले तरच अंडी भरा. पाण्याचे भांडे भरलेले ठेवणे आणि अठराव्या दिवसापर्यंत अंडी रोज तीन-पाच वेळा फिरवणे, ही कामे कंट्रोलर करणार नाही. वीज गेली तर पेटी उघडून पाहू नका, उब आतच राहू द्या.

ग्रामपंचायत अधिकारी आणि गटाच्या अध्यक्षांनीही ध्यानात घ्यावे. योजनेतून पेटी ताब्यात घेताना नुसता रंग आणि क्षमता पाहून सही करू नका. 24 तास चालवून, थर्मामीटर लावून, मगच सही करा. पेटी बिघडली तर अंड्यांचे पैसे गटातल्या बायांच्या बचतीतूनच जातात.