बर्नरची ज्योत आणि कल्चरची शुद्धता

ग्वारीघाटावर सायंकाळी नर्मदेच्या आरतीनंतर दोण्यांतले दिवे पाण्यावर सोडले जातात. तूप वितळून वातीतून वर चढते, हा भौतिक बदल. ज्योतीत ते जळते, हा रासायनिक. ऑक्सिजन अपुरा पडल्याने न जळलेले कार्बनचे कण तापून उजळतात, म्हणून ज्योत पिवळी दिसते. तिच्यावर वाटी पालथी धरली की काजळ मिळते. घाटावर ही ज्योत शोभते. मेटारायझियम, बिव्हेरिया यांसारख्या कीडनाशक बुरशींचे कल्चर करताना मात्र ती उपयोगाची नाही.

सिलिंडरमधील द्रवरूप प्रोपेन-ब्युटेनचा वायू होतो, तो भौतिक बदल. त्यासाठी लागणारी उष्णता सिलिंडरमधूनच घेतली जात असल्याने सतत वापरात तो गार पडतो. बर्नरचे हवाछिद्र उघडे असेल तर वायू पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते आणि ज्योत निळी होते. छिद्र बंद राहिले तर काजळी धरते, शिवाय विषारी कार्बन मोनॉक्साइडही निर्माण होऊ शकतो.

निळ्या ज्योतीतही जागा महत्त्वाची. आतल्या शंकूत न जळलेला वायू असतो, तो भाग तुलनेने थंड. सर्वाधिक उष्णता शंकूच्या टोकाच्या लगेच वर. बुरशी चिकटलेला लूप थेट तेथे धरल्यास ओलावा एकदम उकळून जिवंत बीजाणू आसपास उडतात. तो आधी आतल्या शंकूत वाळवावा, मग वर सरकवून लाल करावा. नायक्रोमची तार लाल होते आणि निवल्यावर पूर्ववत होते. बीजाणू जळतात, ते पूर्ववत होत नाहीत. तांब्याची तार येथे चालत नाही, कारण तिच्यावर ऑक्साइडचा काळा थर चढतो.

माझ्या उमेदवारीच्या काळात लूप निवू न देताच मी कल्चरला लावीत असे. बुरशी तेथेच करपे, नव्या बाटलीत काहीच वाढत नसे आणि दोष मी बटाट्याच्या माध्यमाला देत असे!

गावपातळीवरील उत्पादन केंद्रांत बहुधा लॅमिनार फ्लो नसतो. तेथे ज्योतीवरून वर जाणारी गरम हवा धूळ व परके बीजाणू काही अंशी दूर ठेवते. म्हणून बाटली ज्योतीजवळच उघडावी, पंखा बंद ठेवावा. हाताला लावलेले स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत आणि स्पिरिटची बाटली दूर ठेवेपर्यंत बर्नर पेटवू नये. त्या वाफा डोळ्यांना दिसत नाहीत, पण पेट घेतात.